अकरापैकी अकरा

द्वारका,

तुझ्याबद्दल लिहायचं म्हणून सवयीने कोरा कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि वर तुझं पूर्ण नाव, गाव, नोकरीची वर्षं अशी एक ओळ लिहिली. लिहून होते न होते तोच तुझा आवाज ऐकू आला, "हे काय, माझं सर्व्हिस बुक भरतेस?" ओळ खोडली. आता सरळ तुझ्याशीच बोलते.

तुझ्या सुनेचा फोन दोन आठवड्यांपूर्वी सकाळी आला. "मावशी, आई गेल्या. झोपेतच." मी विचारलं, "किती वाजता?" तिला ते विचित्र वाटलं असावं. मला दुसरं काही सुचलं नाही. फोन ठेवला आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या. काल तुझं तेरावं झालं. माझे गुडघे आता प्रवास करू देत नाहीत, त्यामुळे मी इथेच, ठाण्याच्या या दोन खोल्यांत. पानात एक वाटी खीर वाढून घेतली. गोड होती की नव्हती, आठवत नाही.

हे पत्र ईशान आणि रेवाही वाचणार आहेत. माझी नातवंडं. एक कॅनडात, एक ऑस्ट्रेलियात. दोघं मराठी अक्षर अक्षर लावून वाचतात. त्यांना तू 'आजीची शाळेतली मैत्रीण' म्हणून माहीत आहेस, आणि दोघांना वाटतं की आपण एका बाकावर बसून शिकलो. परवा रेवाने फोनवर विचारलं, "आजी, तुम्ही दोघी टीचरला त्रास द्यायचात का?" मी म्हटलं, "अगं, टीचर आम्हीच होतो." ती इतकी हसली! मग म्हणाली, "लिही ना ते सगळं." म्हणून त्यांच्यासाठी काही गोष्टी फोड करून सांगते. तुला माहीत असलेलंच मी तुला सांगते आहे, त्याचा कंटाळा करू नकोस.

धाकट्या डहाणूची आपली शाळा दोन खोल्यांची होती. पन्नासचं दशक संपत आलं होतं. गाव मच्छीमारांचं, खाडीच्या तोंडाशी. मी डहाणूत राहायचे, कारण ह्यांची नोकरी तिथल्या कचेरीत होती, आणि तू सरावलीहून चालत यायचीस. खाडीच्या काठी आपण भेटायचो आणि होडीने पलीकडे जायचो. ओहोटी असली की शेवटचा टप्पा चिखलातून. पहिल्या दिवशी मी एका हातात छत्री, एका हातात चपला आणि काखेत हजेरीपट घेऊन त्या चिखलात उभी राहिले, आणि पाय निघेना. तू मागून आलीस, पदर खोचलेला, आणि म्हणालीस, "बाई, चिखलात उभं राहून विचार करायचा नसतो. पाऊल टाकायचं नि काढायचं." मी मॅट्रिक, वर कॉलेजची दोन वर्षं, इंग्रजी कादंबऱ्या वाचणारी. तू मराठी सातवी करून ट्रेनिंग केलेली. कागदावर मी मोठी होते, मुख्य शिक्षिका. चिखलात तू.

शाळेत आपण एकमेकींना 'अहो बाई' म्हणायचो. होडीत पाय ठेवला की तू 'सुधे' म्हणायचीस. आता मला आजी म्हणतात, काकू म्हणतात, सोसायटीत मॅडम म्हणतात. 'सुधे' म्हणणारं तुझ्यामागे कोणी राहिलं नाही. हे वाक्य लिहून मी जरा उठून खिडकीपाशी जाऊन आले.

वर्षाचा शेवटचा दिवस आपल्या शाळेत सणासारखा असायचा. निकाल मोठ्याने वाचायचा, खाऊ वाटायचा आणि मग पाट्या द्यायच्या. ही पाट्यांची प्रथा मी सुरू केली होती. पाट्या शाळेच्या होत्या. चौथीची मुलं त्या दिवशी आपापली पाटी कोळसा आणि पानांचा रस लावून काळी कुळकुळीत करायची, चौकट पुसायची आणि पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी माझ्या टेबलावर आणून ठेवायची. मी यादीवर खूण करायचे. आपल्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाटी दिली की शाळा संपली. पाचवीला खाडी ओलांडून डहाणूला जावं लागे, आणि वर्षाला दोन-तीन मुलगे जात. मुलगी एकही गेली नव्हती.

त्या वर्षी चौथीत अकरा मुलं होती आणि त्यांतली एक हिरू. मुलांनो, हिरू म्हणजे हडकुळी, केसांना तेल नाही, हाताला कायम सुक्या बोंबलाचा वास. सकाळी वलांडीवर बोंबील टांगून मग शाळेत यायची. वलांडी म्हणजे मासळी वाळत घालायची बांबूंची लांब मांडणी. पण वाचायला दिलं की ती वाकून वाचायची, नाक पानाला टेकेल इतकी. पुड्याचा कागद वाचायची. माझ्या पिशवीवरचं दुकानाचं नाव वाचायची. तू म्हणायचीस, "ही पोर एक दिवस मला वाचून काढील."

निकालाच्या तीन दिवस आधीची ती दुपार. मुलं घरी गेली होती. मी टेबलावर निकालपत्रक भरत होते, रेघा आखून, लाल आणि निळ्या शाईने. तू पताका चिकटवत होतीस, जुन्या वह्यांच्या कागदाच्या. खळीचं भांडं बाजूला ठेवून तू एकदम म्हणालीस,

"बाई, हिरूला नापास करा."

मला वाटलं, थट्टा करते आहेस. "कशात करू? वर्गात दुसरी आहे ती."

"शुद्धलेखनात करा. शुद्धलेखनात तर कोणालाही नापास करता येतं. मला पण."

"द्वारकाबाई!"

"ऐकून घ्या. तिची चुलत बहीण मंजू तिसरीत आहे. हिरू एक वर्ष राहिली तर पुढच्या वर्षी दोघी मिळून पास होतील. दोघी असल्या तर तिची आई खाडीपार पाठवेल. मी बोलून ठेवलंय. एकटीला पाठवणार नाही ती. आता पास झाली की संपलं."

"म्हणून खोटे गुण लिहू?"

"कमी लिहायचे. जास्त लिहिले असते तर खोटे."

"खोटं ते खोटंच. ज्या मुलीने अभ्यास केला तिला मी सगळ्यांसमोर नापास म्हणून उभं करू? काय वाटेल तिला?"

"एक दिवस रडेल," तू म्हणालीस. "मी बघते तिचं रडणं. तुम्ही फक्त तेवढे गुण बघा."

मी गुण बघितले नाहीत. लेखणी बुडवली आणि हिरूच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं. परतताना होडीतही तू मला त्या दिवशी 'बाई'च म्हणालीस.

तेव्हा मी जे कारण दिलं ते तत्त्वाचं होतं. गेली कित्येक वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले, आणि या दोन नातवंडांना 'आजी कधी खोटं लिहीत नाही' हे मीच शिकवलं. आज लिहिते. अकरापैकी अकरा पास म्हणजे शंभर टक्के निकाल. त्या वर्षी तपासणीला येणारे साहेब मला म्हणाले होते, "तुमच्या शाळेचा निकाल चांगला लागला तर वरच्या शाळेसाठी तुमचं नाव सुचवतो." हे मी तुला सांगितलं नव्हतं. पत्रकाच्या तळाशी शेकडेवारीचा रकाना असतो. तू बोलत होतीस तेव्हा माझं लक्ष त्या रकान्याकडे होतं. दहा लिहिलं असतं तर तिथे शंभर आलं नसतं. मुलीवर अन्याय होईल हेही मला वाटत होतंच. पण ते दुसरं होतं. पहिलं हे होतं.

निकालाचा दिवस आला. आमंत्रणाच्या चिठ्ठीवर मी 'सकाळी दहा' लिहिलं होतं, ते तू खोडून 'दुपारी दोन' केलंस. "दहाला भरती आहे. होड्या लागतील. तुमच्या पताका बघायला काय मी एकटी येऊ?" दोन वाजता खरंच आया आल्या, हात जेमतेम धुतलेले, आणि दाराबाहेरच उभ्या राहिल्या. तू ओरडलीस, "या ना आत! तरट काही चावत नाही. निकाल पोरांचा आहे, तुमचा नाही." त्या हसल्या आणि एकमेकींना ढकलत आत आल्या. कोणी चिकू आणले होते, कोणी ताडगोळे. तू वर्गणी न काढता कुठून कोण जाणे खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्यास. मुलांनी कवायत केली. पहिलीतल्या एकाने कवितेच्या मधेच आईला हाक मारून पाणी मागितलं. इतकं हसू झालं की मला टेबलावर पट्टी आपटावी लागली.

मी निकाल वाचला. शेवटी म्हटलं, "चौथी. अकरापैकी अकरा उत्तीर्ण." टाळ्या वाजल्या. मी तुझ्याकडे पाहिलं. तूही टाळ्या वाजवत होतीस, मुलांकडे बघून.

तेवढ्यात हिरूची आई उठून माझ्यासमोर आली. मोठ्या हाडाची बाई, नाकात मोरणी. तिने माझ्या हातात नारळ ठेवला आणि वाकून पाया पडली. "बाई, तुमचे लय उपकार झाले. माजी पोर मोकली केलीत तुमी. आता चार हात झाले घरात."

तिच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. मी एकदम गोंधळले आणि म्हटलं, "पण तिला पुढे पाठवा ना. हुशार आहे."

"पास झाली ना?" ती म्हणाली. "मंग? पास झाल्यावर पन शिकायचं?"

बाकीच्या आया हसल्या. तिने काही वावगं म्हटलं नव्हतं. जे काम संपलं म्हणून मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, ते तिने संपलं असं धरलं. तिच्या पोरीला नापास म्हटलं असतं तर तिने शिव्या दिल्या असत्या, आणि वर्षभर शाळेत पाठवली असती.

मग पाट्या. एकेक जण आला, पाटी ठेवली, मी खूण केली. दहा झाल्या. हिरू आली ती पाटी छातीशी धरून. मी हात पुढे केला.

"हिरू, पाटी."

"बाई, उंद्या आनते."

"उद्या शाळा नाही."

तू पुढे झालीस. "अहो बाई, राहू द्या ना एक."

"यादीत अकरा आहेत," मी म्हटलं.

मागून आई म्हणाली, "दे गं दे. आता तुला काय करायची ती?"

हिरूने दिली नाही. मी तिची बोटं चौकटीवरून सोडवली. जोर लावावा लागला नाही. डाव्या हाताची तर तिने स्वतःच सोडली. पाटी इतकी स्वच्छ घासली होती की तिच्यात माझी बांगडी दिसली. मी अकरावी खूण केली. हिरू रडली नाही. तिने ओळीतून आपली वडी घेतली, आयांच्या पदराआड उभ्या असलेल्या मंजूला अर्धी दिली आणि आईबरोबर निघून गेली.

त्या दिवशी सगळे गेल्यावर पताका काढताना तू म्हणालीस, "एक दिवसाचं रडणं तेवढं वाचवलंत तुम्ही." टोमणा होता. मी उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं आणि बरं झालं असतं. मी पताका रंगांप्रमाणे लावून बांधून ठेवल्या.

जूनमध्ये आपण दोघी हिरूच्या घरी गेलो होतो, ते आठवतं? तिच्या आईने पाट मांडले, कोरा चहा दिला. तू तासभर बोललीस. शेवटी ती म्हणाली, "द्वारकाबाई, तुमी म्हनला होता ती रायली तर मंजूसंगं धाडीन. ती रायली नाय. मी काय करू?" हिरू त्या वेळी अंगणात मासळी उलटत होती. तिने आपल्याकडे एकदाही पाहिलं नाही. पुढच्या वर्षी मंजू पास झाली, आणि तीही एकटीच म्हणून गेली नाही.

साहेबांनी शब्द पाळला. मला वरच्या शाळेसाठी सुचवलं. पण तोवर ह्यांची बदली ठाण्याला झाली आणि ती सूचना तिथेच राहिली. तुला तलासरीकडे पाठवलं, पाड्यावरच्या शाळेत. तिथे तू एकटी शिक्षिका, पत्रकही तूच भरणार. दर वर्षी निकालानंतर तुझं पोस्टकार्ड यायचं. पहिल्या कार्डाच्या शेवटी एकच ओळ होती, "यंदा चौथीत नऊ. सात सोडली, दोघी ठेवून घेतल्या." पुढच्या वर्षी, "ठेवलेल्या दोघी तलासरीच्या शाळेत पाचवीला गेल्या. एकमेकींचा हात धरून जातात." मला कळत होतं हे मला उद्देशून आहे. मी उत्तरात काय लिहायचे? पाऊस बरा आहे. मुलाला दात येत आहेत. अक्षर मात्र वळणदार.

तू मोठ्या मनाची होतीस. माझं बाळंतपण कठीण गेलं तेव्हा रजा काढून तलासरीहून आलीस, पंधरा दिवस राहिलीस, मला न्हाऊ घातलंस आणि त्या पंधरा दिवसांत एकदाही तो विषय काढला नाहीस. तू काढला असतास तर मी तेव्हाच सगळं सांगितलं असतं, अशी माझी समजूत आहे. तिची परीक्षा आता होणार नाही.

पण एक गोष्ट अशी आहे जी तुला खरोखरच ठाऊक नाही, आणि तिच्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले.

साठचं दशक अर्धं सरलं होतं. एका लग्नासाठी मी डहाणूला आले होते. स्टेशनजवळच्या बाजारात एका मच्छीवालीने हाक मारली, "बाई! वलखलं काय?" मी ओळखलं नाही. तिनेच सांगितलं, "मी हिरू." अंगाने भरलेली, कडेला ताप आलेलं मूल, समोर टोपली. मला फार आनंद झाला. तिलाही. तिने जबरदस्तीने माझ्या पिशवीत बोंबील घातले. मग इकडेतिकडे पाहून कमरेच्या चंचीतून औषधाची बाटली काढली, कंपाउंडर देतात तसली, कागद चिकटवलेली.

"बाई, इथं काय लिवलंय ते सांगा ना."

इंग्रजी असेल म्हणून मी चष्मा लावला. मराठी होतं. मोठ्या अक्षरांत. 'दिवसातून तीन वेळा, दुधातून.'

मी वाचून दाखवलं. माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "अक्षरं वलखतात, बाई. पन एकमेकांना मिलत नाय आता. कितीक वर्सं झाली, हातात कागद कुठं येतो." मग घाईघाईने म्हणाली, "द्वारकाबाईंना सांगू नका हां. त्या बाजारात दिसल्या की मी टोपली उचलून त्या टोकाला जाते. त्यांना लय वाईट वाटंल."

मला वाईट वाटेल अशी भीती तिला नव्हती.

मी म्हटलं, "नाही सांगणार." आणि त्याच वर्षी तुझं कार्ड आलं: "डहाणूला गेली होतीस म्हणे. हिरू कुठे दिसली का?" मी उत्तर लिहिलं, "दिसली. मजेत आहे." तुझं परतीचं कार्ड माझ्याकडे अजून आहे. "बरं वाटलं. वाचत असेल काहीतरी, तिचं नाक पानातून निघायचं नाही."

नंतरच्या वर्षांत आपण किती वेळा भेटलो! तुझ्या मुलाच्या लग्नात, हे गेले तेव्हा, तुझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनला. गेल्या दिवाळीत फोनवर तू मला विचारलंस, "सुधे, तुला काही सांगायचं राहिलंय का गं? आपलं आता काय, आज आहोत." मी म्हटलं, "नाही गं, काय राहणार?" तुला काही माहीत होतं का? मला वाटतं, होतं. मला वाटतं, तू मला एक वर्ष ठेवून घ्यायला तयार होतीस.

हिरूला दिलेला शब्द मी पाळला, असं मी म्हणू शकते. तो पाळणं मला किती सोयीचं होतं, हे तुझ्यासमोर म्हणण्याचं धैर्य झालं नाही. आता तू नाहीस, तू रागावणार नाहीस, गप्प बसणार नाहीस, म्हणून सगळं कागदावर आणलं. पाहिलंस, द्वारका? याही वेळी मी माझ्या सोयीचीच वेळ निवडली.

तुझी,
सुधा